मोहोरावर उशिराचा गारठा: बेळगाव-खानापूर भागात नव्याने बाग लावणाऱ्यांसाठी

संक्रांतीनंतर थंडी उतरणीला लागते आणि महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. आंबा-काजू मात्र तिच्या जाण्याची वाट बघत थांबत नाहीत. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत बेळगाव, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड भागात झाडे मोहोरतात. नेमके याच दिवसांत आभाळ एकदम निवळते आणि दोन-तीन रात्री कडाक्याचा गारठा पडतो. चार गुंठ्यांत दहा-बारा कलमे लावलेला माणूस सकाळी तांबूस पडलेला तुरा बघतो, घाबरतो, दुकान गाठतो आणि तीन बाटल्या घेऊन येतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. बाटलीआधी करायची कामे बरीच आहेत, त्यातली बहुतेक फुकटची आहेत आणि ती क्रमाने करावी लागतात.

आपल्याकडची थंडी कोणती, ते आधी समजून घ्या

हिमाचल-काश्मीरकडे सफरचंद फुलावर असताना पारा शून्याखाली जातो आणि फुलातले पाणीच गोठते. त्याला हिमकणांचा मार म्हणतात. आपल्याकडे तसे होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण बेळगावच्या परसात बर्फ शोधायला जाऊ नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारीत दुपारी पारा ३०-३२ अंशांना टेकतो आणि पहाटे १५-१६ वर येतो. थंडीची लाट आली की त्याच्याही बराच खाली जातो. दिवस-रात्रीतली ही दरी मोहोराला जड जाते.

या गारठ्यात मोहोराचे नुकसान तीन वाटांनी होते. आंब्याचा पराग रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली राहू लागले की नीट रुजत नाही. पहाटे गारठलेल्या माश्या आणि मधमाश्या उशिरापर्यंत बाहेर पडत नाहीत, त्यामुळे उमललेली फुले तशीच जातात. आणि तिसरी वाट सगळ्यांत वाईट: थंड रात्र, पहाटेचे दव आणि कोरडी दुपार हे भुरी या पांढऱ्या भुकटीच्या बुरशीरोगाला हवेहवेसे वाटणारे हवामान आहे. माझ्या मते या भागात मोहोर जितका थंडीने जातो त्याहून जास्त तो थंडीच्या पाठोपाठ येणाऱ्या भुरीने, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किड्यांनी आणि आपल्या घाईने जातो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मोहोर कोरडा ठेवण्यावर आणि घाई टाळण्यावर बेतलेली आहे.

आणखी एक. रत्नागिरी-देवगडच्या तारखा इथे लावू नका. तिकडे समुद्राची ऊब असते, इकडे पठाराचा गारठा. कलम तिकडून आणलेले असले तरी ते आता घाटमाथ्यावर उभे आहे.

पायरी पहिली: आपल्या जमिनीतला खोलगट भाग शोधा

हे काम मोहोर येण्याआधी, डिसेंबरातच करून ठेवायचे. वारा नसलेल्या, आभाळ निरभ्र असलेल्या रात्रीनंतर पहाटे साडेपाच-सहाला बॅटरी घेऊन बागेत फिरा. पायात चप्पल असेल तर उत्तमच, घोट्याला गार हवा कुठे लागते ते कळते. गवतावर हात फिरवा. वरच्या बांधापाशी पाते जेमतेम ओले असेल, आणि वीस पावले खाली गेलात की हातावरून पाणी निथळेल. तिथेच धुके गुडघाभर साचलेले दिसेल. ती तुमच्या बागेतली सर्वांत थंड जागा.

कारण साधे आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशाकडे टाकते, तिच्यालगतची हवा गार होते, गार हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगटात थांबते. मार्कंडेय नदीच्या काठचे मळे, नाल्यालगतचे प्लॉट, भाताच्या खाचरांना लागून असलेली परडी इथे गारठा जास्त का असतो, ते यातून कळते. येळ्ळूरला राजहंसगडाच्या उतारावर असलेल्या बागेला त्याच रात्री तितका त्रास होत नाही, कारण तिथली गार हवा खाली सरकून गेलेली असते.

उताराच्या खालच्या अंगाला तुम्ही सलग कंपाउंड भिंत बांधली असेल तर गार हवेला तुम्ही स्वतःच बांध घातला आहे असे समजा. भिंतीच्या तळाशी दोन-चार ठिकाणी जाळीच्या खिडक्या ठेवल्या तरी फरक पडतो. दाट कुंपण असेल तर खालच्या एक-दोन फूट फांद्या काढून टाका.

एक साधा तापमापक घ्या. दिवसातला सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवणारा मिळतो, तो घ्यावा. एक घराजवळ आणि जमले तर दुसरा त्या खोलगटात, चार फुटांवर, सावलीत टांगा. भिंतीला चिकटवू नका, कारण भिंत रात्रभर उष्णता सोडते आणि आकडा फसवा येतो. बातम्यांत ‘बेळगावचे किमान तापमान’ म्हणून जे येते ते वेधशाळेच्या आवारातले, माणसाच्या छातीच्या उंचीवरचे असते. निवांत रात्री जमिनीलगत ते आणखी तीन-चार अंशांनी कमी असू शकते. बातमीत १० म्हटले असेल तर तुमच्या खोलगटातल्या गुडघाभर उंचीच्या कलमाला ६-७ अंशच लागतात.

पायरी दुसरी: कोणती रात्र वाईट, ते संध्याकाळीच ओळखा

दिवसभर वारा होता आणि सूर्य मावळताच तो पडला, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आठ वाजताच अंगणात स्वेटर लागतो: ही रात्र सांभाळायची. रात्रभर वारा वाहता असेल तर गारठा अंगाला जास्त बोचतो, पण मोहोराला कमी त्रास होतो, कारण हवा ढवळत राहते.

आभाळ आले की रात्र उबदार जाते. नवे लोक इथे निर्धास्त होतात. मळभाची रात्र थंडीची नसते हे खरे, पण तीन-चार दिवस मळभ राहिले की तुडतुडे वाढतात आणि करपा हा काळ्या डागांचा रोग डोके वर काढतो. म्हणजे निरभ्र रात्री झाड बघायचे आणि मळभाच्या दिवसांत मोहोर बघायचा.

हवामान खात्याचे ‘मेघदूत’ ॲप मोबाइलवर घ्या. जिल्हावार अंदाज आणि पिकाचा सल्ला त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीतही वाचता येतो. अंदाजातला किमान आकडा आणि आपल्या तापमापकाचा आकडा आठवडाभर शेजारी-शेजारी लिहून ठेवलात, तर तुमची बाग अंदाजापेक्षा किती अंश खाली जाते ते कळेल. पुढे तो फरक वजा करूनच अंदाज वाचायचा.

पायरी तिसरी: पाणी कुठे द्यायचे, कुठे नाही

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते. भाजीचे वाफे, पपई, केळी, गुलाब, शेवंती आणि नुकती लावलेली कलमे यांना गारठ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाणी द्या, म्हणजे उन्हाने माती तापायला वेळ मिळेल. संध्याकाळी दिलेले गार पाणी उपयोगाचे नाही. वाफ्यावर पिंजराचे (भाताच्या पेंढ्याचे) जाड आच्छादन असेल तर त्या एक-दोन रात्रींपुरते बाजूला ओढा, कारण ते मातीची ऊब वर येऊ देत नाही. गारठा सरला की परत पसरा. उन्हाळ्यात त्याच्याशिवाय चालणार नाही.

मोठ्या, फळावर आलेल्या आंब्याचे गणित उलटे आहे. त्याला मोहोर येतो तोच मुळी पाण्याच्या ताणाने. मोहोर फुललेला असताना बुंध्याशी भरपूर पाणी सोडले तर झाड पालवीकडे वळते आणि मोहोर गळतो. ‘थंडी आहे, पाणी सोडूया की’ असे शेजारी आपुलकीने सांगतात. त्यांचा मान राखा, पण मोठ्या आंब्याला पाणी सोडू नका. फळ वाटाण्याएवढे झाल्यावरच त्याचे पाणी सुरू करायचे. पूर्ण वाढलेल्या झाडाला एका वेळी १५० ते २०० लिटर, साधारण पंधरा दिवसांनी, असे तीन-चार वेळा पुरते. ते बुंध्याला लागून नाही, तर फांद्यांच्या घेराखालच्या आळ्यात द्यायचे. काढणीच्या महिनाभर आधी थांबायचे.

मोहोरावर रात्री पाण्याचे फवारे मारण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तो बर्फाच्या मुलखातला आहे. तिथे पाणी फुलावर गोठते आणि गोठताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता सोडते, त्यावर फूल तगते. आपल्याकडे पाणी गोठतच नाही. ते बाष्प होऊन उडताना फुलाला आणखी गार करते आणि सकाळी भुरीला ओला मोहोर तयार मिळतो. हा प्रयोग करू नका.

पायरी चौथी: झाकण

झाकायचे ते लहान झाडांना. मोठ्या आंब्याला कुणी पांघरूण घालू शकत नाही, त्याची चिंताही करू नका.

कलमाभोवती चार काठ्या रोवा, त्यावर जुनी साडी, चादर किंवा गोणपाट टाका. कापड जमिनीपर्यंत आले पाहिजे आणि कडेला दगड ठेवले पाहिजेत. बुंध्याला गोळा करून बांधलेले कापड काही कामाचे नाही, कारण ऊब मातीतून वर येत असते आणि तुम्ही तिला बाहेरच ठेवता. प्लास्टिक वापरायचे तर ते पानाला टेकू देऊ नका. टेकलेल्या जागी पान काळे पडते. सूर्य वर आला की झाकण काढायचेच, नाहीतर दुपारी आत झाड शिजते.

रोज काढ-घाल जमणार नसेल तर आपल्या भागातली जुनी रीत चांगली आहे. कलमाच्या तीन बाजूंनी पिंजराचा किंवा गवताचा आडोसा करायचा, वरून थोडे शाकारायचे आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे सकाळचे ऊन थेट आत येते. संक्रांतीच्या आसपास केलेला आडोसा फेब्रुवारीअखेर काढून टाकता येतो.

कलम तीन वर्षांच्या आतले असेल तर त्याला आलेला मोहोर थंडी असो-नसो खुडूनच टाकायचा असतो. तुमची सगळी कलमे त्या वयाची असतील तर यंदा पालवी सांभाळा, मोहोराचे दुःख करू नका.

पायरी पाचवी: शेकोटीबद्दल

निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आगीच्या उष्णतेने हवा थोडी ढवळते, तेवढा फायदा होतो. धुराने फार काही होत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला बाग जंगलाला लागून असते, काजूखाली वाळलेल्या पाचोळ्याचा थर असतो आणि फेब्रुवारीत तो एका ठिणगीने पेटतो. आपल्या गारठ्यासाठी एवढा धोका पत्करण्यासारखा नाही. शिवाय सकाळपर्यंत रेंगाळलेला धूर मधमाश्यांना दूर ठेवतो, आणि त्या यायला हव्यात म्हणून तर ही सगळी धडपड.

पायरी सहावी: सकाळी तुरा हातात घेऊन बघा

नवा माणूस लांबून बघतो आणि ‘मोहोर जळाला’ म्हणतो. जळाला हे खरे, पण कशाने? ते ओळखल्याशिवाय काहीही फवारू नका. दव वाळल्यावर, नऊच्या सुमारास, पाच-सहा झाडांवरचे चारी बाजूंचे तुरे बघा. शक्य तर भिंग घ्या.

तुरा तळापासून शेंड्यापर्यंत बोटांच्या चिमटीतून हळूच ओढा. बोटांवर पांढरी, पिठासारखी भुकटी आली तर भुरी. ती बहुधा तुऱ्याच्या कोवळ्या दांड्यावर आणि कळ्यांच्या देठांवर आधी दिसते, मग फुले न उमलताच तपकिरी होऊन गळतात. भुकटी आली नाही, बोटे चिकट झाली आणि फांदी हलवताच पाचरीच्या आकाराचे करडे किडे तिरके उड्या मारत उडाले, तर तुडतुडे. त्यांच्या चिकट स्रावावर पुढे काजळी धरते आणि पाने काळी पडतात. तुऱ्याच्या दांड्यावर काळे, खोलगट डाग असतील आणि नुकताच पाऊस किंवा दाट धुके झाले असेल तर करपा.

यातले काहीच नाही. बोटे कोरडी, भुकटी नाही, किडा नाही, फक्त उमललेल्या फुलांच्या कडा आणि तुऱ्याचा शेंडा तांबूस वाळलेला आहे, आणि तेही खोलगटातल्या झाडांवर, खालच्या फांद्यांना जास्त. हा गारठ्याचा मार. त्याला बाजारात औषध नाही. त्या तुऱ्यातल्या न उमललेल्या कळ्या अजून हिरव्या असतात, त्या पुढच्या आठवड्यात फुलतील. एका तुऱ्यात हजारापासून काही हजारांपर्यंत फुले असतात आणि शेवटी त्यावर एक-दोन फळे टिकली तरी झाड भरलेले दिसते. म्हणून शंभर-दोनशे फुले गेलेली पाहून हाय खाऊ नये.

काजूची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या मोहोराचा शेंडा जळाल्यासारखा काळा पडला की लोक थंडीला दोष देतात. जवळ जाऊन बघा. कोवळ्या देठावर तपकिरी, पाणी सुटल्यासारखे लांबट चट्टे आणि त्यावर डिंकाचा बारीक थेंब दिसला तर तो ढेकण्या, म्हणजे काजूचा रस शोषणारा किडा. तो पहाटे आणि संध्याकाळी जास्त दिसतो. काजूची पालवी आणि मोहोर थंडीच्या आधीपासून त्याच्यासाठी तपासायला हवीत.

पायरी सातवी: फवारणी, लागलीच तर

भुरी नक्की दिसली तर पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक, लिटरला साधारण २ ग्रॅम, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पाकिटावरचे प्रमाण वेगळे असेल तर ते पाळा. दव वाळल्यावर किंवा उन्हे उतरल्यावर फवारा. दुपारच्या उन्हात गंधक मोहोर भाजून काढते.

तुडतुडे आणि ढेकण्यासाठीची कीटकनाशके पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारू नयेत. मधमाश्या गेल्या की फळ गेले. ती वेळ मोहोर फुटताना किंवा फळ धरल्यावर येते. औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण आधी बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य. घराच्या परसात लाल आणि पिवळ्याला जागा नाही, हे माझे ठाम मत. आणि दुकानदाराने ‘हे तिन्ही एकत्र मारा, एकदाच होऊन जाईल’ म्हटले तर नम्रपणे एकच घेऊन या. तीन औषधांच्या मिश्रणाने मोहोर करपला तर कशाने करपला ते कधीच कळत नाही.

नक्की समजत नसेल तर दोन-तीन तुरे कागदी पिशवीत घालून त्याच दिवशी दाखवायला न्या. प्लास्टिकमध्ये ते घामेजतात आणि रोग ओळखता येत नाही. बेळगाव जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे दोन आहेत, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला आणि मुडलगी (पूर्वीच्या गोकाक) तालुक्यात तुक्कानट्टीला. त्याहून जवळ म्हणजे तुमच्या होबळीचे (तालुक्याखालच्या गावगटाचे) रयत संपर्क केंद्र आणि तालुक्याचे बागायत खाते. माहितीपत्रके आणि अर्ज कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला सोबत न्या, इथली पोरे दोन्ही भाषा सहज वाचतात. औषधाचे प्रमाण मात्र लिहूनच घ्या, तोंडी ऐकून येऊ नका.

पायरी आठवी: गारठा सरल्यावर

वाळलेले तुरे लगेच छाटू नका. किमान दोन-तीन आठवडे थांबा, त्यांच्या बगलेतून कधी कधी नवा मोहोर येतो. हापूसमध्ये मात्र याचा त्रासही होतो. बारीक फळ धरलेले असताना पुन्हा थंडी पडली की त्याच फांदीवर दुसरा मोहोर फुटतो, झाडाचे बळ तिकडे जाते आणि आधीचे फळ गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर जिबरेलिक आम्ल या वाढनियंत्रकाची फवारणी सुचवली आहे, पण ती मोठ्या बागांसाठी आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. दहा-बारा झाडांवर हाताने नवा मोहोर खुडणे सोपे जाते.

पपई आणि केळीची काळवंडलेली पाने मार्च लागेपर्यंत तशीच राहू द्या. खालच्या कोवळ्या शेंड्याला तीच पांघरूण असतात.

मार्च-एप्रिलमध्ये वळीव आणि कधी गारा येतात. गारांपुढे इलाज नाही. पावसानंतर मात्र फांद्या हलवून पाणी झटका आणि करप्याचे डाग येतात का ते चार दिवस बघत राहा.

पायरी नववी: पुढच्या वर्षीची जागा

पावसाळ्यात नवी झाडे लावाल तेव्हा डिसेंबरात शोधलेला तो खोलगट भाग लक्षात ठेवा. आंबा, काजू, पपई वरच्या अंगाला लावा. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीजवळची जागा पपईला द्या, दिवसभर तापलेली भिंत तिला रात्री ऊब देते. खोलगटात थंडीच्या दिवसांत गाजर, बीट, कोबी, मुळा घ्या. बेळगावच्या मातीत ती उत्तम येतात, आणि त्यांना गारठा मानवतो.